तीन सेकंदांचा पिवळा

पुण्याहून दक्षिणेकडे निघणाऱ्या हमरस्त्यावर एक फाटा आहे. नाव लिहीत नाही. प्रत्येकाच्या वाटेवर असा एखादा असतोच. एका अंगाला साखर कारखान्याकडे जाणारा रस्ता, दुसऱ्या अंगाला गाव, कोपऱ्यावर पंक्चरवाला, रसवंती आणि एका मावशींची चहाची टपरी. बऱ्याच वर्षांपूर्वी कॉलेजातली सात-आठ मुलं घेऊन मी तिथे दोन दिवस उभा होतो. कुणाच्या हातात स्टॉपवॉच, कुणाकडे तक्त्याचे कागद. किती गाड्या लाल तोडतात ते मोजायचं, एवढंच काम. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींनी विचारलं, "काय मोजताय, सर?" सांगितल्यावर हसल्या. म्हणाल्या, "लाल कशाला मोजता? पिवळा बघा. पिवळा पडला की माझा हात थांबतो. ब्रेक कचकचला नाही, की मग कप भरते."

मुलांनी ते लिहून घेतलं नाही, कारण तक्त्यात त्याला रकाना नव्हता. उशिरा का होईना, हे पुस्तक त्या रकान्यासाठी लिहिलं आहे.

महामार्गावर अपघात झाला, त्यात गावातलं कुणी गेलं, की दुसऱ्या दिवशी रास्ता रोको होतो. टायर जळतात, तहसीलदार येतात, निवेदन दिलं जातं. मागणी ठरलेली: सिग्नल बसवा, नाहीतर गतिरोधक टाका. मागणाऱ्यांना दोष कसा द्यायचा? २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ६१,०३८ राष्ट्रीय महामार्गांवर, आणि देशातल्या एकूण रस्त्यांमध्ये या महामार्गांची लांबी जेमतेम दोन टक्के. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याला काहीतरी उभं राहिलेलं दिसायला हवं असतं. सिग्नल दिसतो. त्याचं उद्घाटन करता येतं, त्याच्याखाली फोटो निघतो, आणि उड्डाणपुलाच्या मानाने तो फुकटात पडतो. पण शहरातल्या चौकात, तीस-चाळीसच्या वेगात रांगणाऱ्या गाड्यांमध्ये जे यंत्र शहाण्यासारखं वागतं, ते शंभराच्या वेगापुढे उभं केल्यावर तसंच वागेल का, हे उद्घाटनाच्या दिवशी कुणी विचारत नाही.

हिशेब शाळेतलाच आहे. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. आमच्या फाट्यावरचा पिवळा माझ्या घड्याळात तीन सेकंदांचा भरला. तेवढ्यात गाडी ८३ मीटर जाते. म्हणजे पिवळा पडताना जो रेषेपासून ८३ मीटरांच्या आत आहे, तोच लाल होण्याआधी रेषा ओलांडणार. आता थांबणाऱ्याचं बघू. दिवा बदललेला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. २८ मीटर त्यातच गेले. मग नेटाने, पण गाडी ताब्यात राहील आणि मागच्या सीटवरची आजी पुढे आपटणार नाही इतपतच ब्रेक दाबला, तर वेग दर सेकंदाला सेकंदामागे तीन मीटरांहून किंचित जास्त उतरतो, असं अभियंते धरून चालतात. तसं थांबायला आणखी सुमारे १२७ मीटर लागतात. सगळे मिळून १५५. मग पिवळा पडला तेव्हा जो १२० मीटरांवर होता, त्याने काय करायचं? तो थांबायला गेला तर रेषेच्या पुढे, चौकाच्या मध्यात थांबणार. जायला गेला तर लालमध्ये सापडणार. ८३ ते १५५ हा सत्तर मीटरांचा पट्टा असा आहे की त्यात सापडलेल्या माणसाने काहीही केलं तरी ते चूकच. कॅमेरा असेल तर त्याच्या नावाने चलान निघतं आणि घरी तो बायकोला सांगतो, "अगं, पिवळाच होता!" दोघंही खरं बोलत असतात, कॅमेराही आणि तोही.

नव्या गाड्यांचे ब्रेक याहून पुष्कळ चांगले असतात, हे मला मान्य आहे. पण त्या गाडीच्या मागे कोण आहे?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. एकदा अशाच एका फाट्यावर पिवळा पडला आणि शिकवतो तसं वागावं म्हणून मी ब्रेक दाबला. गाडी रेषेवर छान थांबली. मग आरशात पाहिलं. आरसाभर ट्रकचं तोंड होतं; बंपरला लिंबू-मिरची, काचेवर कुलदैवताचं नाव, आणि ते नाव मोठं मोठं होत होतं. हवेचा ब्रेक फुसकारला, ट्रकने शेपूट हलवली आणि तो माझ्या डाव्या हाताला, मुरमाच्या बाजूपट्टीवर जाऊन धुळीत उभा राहिला. मी खाली उतरलो. वाटलं, शिव्या खाव्या लागणार. ड्रायव्हर वरूनच वाकला आणि अगदी कळकळीने म्हणाला, "साहेब, पिवळ्याला कोण थांबतं हो?"

त्याचं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. पण त्याने माझ्याविषयी एक अंदाज केला होता, मी जाणार असा, आणि त्या अंदाजावर पंचवीस टन माल पाठीशी घेऊन तो चालला होता. सिग्नलचा हा स्वभावच आहे: आडव्या धडका कमी करतो, मागून बसणाऱ्या वाढवतो. अमेरिकेत सात ठिकाणच्या लाल दिव्याच्या कॅमेऱ्यांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला, त्यात हेच अंकांत दिसलं. काटकोनातल्या धडका २४.६ टक्क्यांनी घटल्या, मागून बसणाऱ्या १४.९ टक्क्यांनी वाढल्या. आडवी धडक जास्त जीव घेते, म्हणून सौदा एकूण फायद्याचा, असं तिथल्या लोकांनी मानलं. मोटारींच्या देशात तो फायद्याचा असेलही. जिथे मोटारीच्या मागे ट्रक आणि मोटारीच्या पुढे तीन माणसं बसलेली मोटारसायकल असते, तिथे तोच हिशेब तसाच्या तसा उतरवून घेणं मला धाडसाचं वाटतं.

थांबणंही चूक आणि जाणंही चूक अशा त्या पट्ट्याचं गणित पहिल्यांदा नीट मांडलं ते १९६० मध्ये, डेनोस गॅझिस, रॉबर्ट हर्मन आणि अलेक्सी मॅराडुडिन या तिघांनी, जनरल मोटर्सच्या संशोधन प्रयोगशाळेत बसून. यातले हर्मन म्हणजे तेच, ज्यांनी १९४८ मध्ये राल्फ आल्फर यांच्यासोबत विश्वाच्या जन्माची ऊब अजूनही आकाशभर उरलेली असणार, असं भाकीत केलं होतं. पुढे ती ऊब दुसऱ्यांना सापडली आणि नोबेलही दुसऱ्यांना मिळालं. विश्वाच्या आरंभाचा हिशेब करणारा माणूस चौकातल्या पिवळ्या दिव्याकडे वळतो, याचं मला कायम अप्रूप वाटत आलं आहे. त्यांनी दाखवलं ते इतकंच, की ड्रायव्हर सरळमार्गी असला, गाडी ठणठणीत असली आणि वेग मर्यादेत असला, तरीही पिवळा तोकडा ठेवला तर कायदा पाळणं अशक्य होऊ शकतं. या पट्ट्याचं इंग्रजी नाव डायलेमा झोन. मी पुस्तकभर 'पेचपट्टा' म्हटलं आहे. शब्द कानाला थोडा खडा लागेल, पण 'द्विधाक्षेत्र' लिहायचं जिवावर आलं.

पण पेचपट्टा आला कुठून? माझं म्हणणं असं, की तो उसनवारीत आला. रस्त्यावरचा सिग्नल मुळात रेल्वेचा. १० डिसेंबर १८६८ रोजी लंडनच्या पार्लमेंटसमोर जगातला पहिला रस्ता-सिग्नल उभा राहिला, तो जे. पी. नाइट या रेल्वे सिग्नलच्या अभियंत्याने केलेला. दिवसा हलणारे हात, रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे. महिनाभरातच गॅसचा भडका उडून तो चालवणारा पोलीस भाजला आणि प्रकरण तिथेच थांबलं. १९२० मध्ये डेट्रॉइटचे पोलीस विल्यम पॉट्स यांनी चारी दिशांना तोंड असलेला तीन रंगांचा सिग्नल केला. त्यांनीही दिवे रेल्वेचेच वापरले. लाल, पिवळा, हिरवा हे तिन्ही रंग रुळांवरून रस्त्यावर आले.

आता रुळांवर पिवळा काय काम करतो ते पाहा. लाल डोळ्यांना दिसल्यावर गाडी थांबू शकत नाही हे रेल्वेवाल्यांना फार लवकर कळलं होतं. म्हणून आपल्याकडे स्टेशनाच्या होम सिग्नलच्या साधारण एक किलोमीटर आधी डिस्टंट सिग्नल उभा असतो. तो पिवळा मिळाला, की लोको पायलटला कळतं: पुढचा लाल मिळू शकतो, तयारीत ये. पिवळा तिथे लांब अंतरावर उभा राहून बोलतो, आणि थांबायची जागा अजून पुढे असते. रस्त्यावर आणताना आपण तो पिवळा उचलला आणि लालच्याच पेटीत, लालच्याच खाली बसवला. जी गोष्ट अंतराने सांगायची ती वेळेने सांगू लागलो. घोडागाड्यांना आणि रांगत्या मोटारींना ते चाललं. रस्ते रुंद झाले, वेग रेल्वेच्या जवळ पोचला, आणि डिस्टंट मात्र रुळांवरच राहिला.

त्यानंतर जगभर जे उपाय झाले, ते एका परीने हा हरवलेला डिस्टंट परत आणायचे प्रयत्न आहेत. अमेरिकेत पिवळ्याची लांबी वेगावरून काढतात. वर केलेला हिशेब उलटा मांडला की ८० च्या वेगाला साडेचारपेक्षा थोडी जास्त सेकंदं येतात, १०० ला साडेपाच. उतार असेल तर आणखी. (उताराचं महत्त्व पुणेकरांना सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलाच्या उतारावर एकाच वाहनाने अठ्ठेचाळीस गाड्यांचं जे केलं, त्याला सिग्नल कारण नव्हता. पण उताराच्या पायथ्याशी उभी रांग आणि वरून येणारं जड वाहन यांची गाठ पडली की काय होतं, ते त्या रात्री साऱ्यांनी पाहिलं.) पिवळा लांबवला की लोक सोकावतात, असा आक्षेप घेतला जातो. मला तो अर्धाच खरा वाटतो. सोकावलेला माणूस साडेपाच सेकंदांतही तोडेल. पण ज्याला पाळायचं आहे त्याला निदान पाळता येईल.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. तिथे पिवळा सगळीकडे तीन सेकंदांचाच. त्याऐवजी रस्त्याच्या पोटात तारेची वेटोळी पुरून येणाऱ्या गाडीचा वेग आणि जागा ओळखायची, आणि पेचपट्ट्यात कुणी असेल तोवर हिरवा थोडा ताणून धरायचा. कल्पना सुरेख आहे. पण वर्दळ इतकी की पट्टा रिकामा होतच नाही, असं झालं तर? आडव्या रस्त्यावरच्यांना किती वेळ ताटकळत ठेवणार? म्हणून हिरव्याला एक कमाल मुदत असते आणि ती संपली की तो विझतो, पट्ट्यात कुणी असो नसो. गर्दीच्या वेळी, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच, ही मदत हात सोडते. तिथल्या मार्गदर्शक सूचनांतले दोन आकडे मात्र प्रत्येक निवेदनाला जोडावेत असे आहेत. शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो वेग ताशी ३५ मैल, म्हणजे अवघा ५६ किलोमीटर, किंवा त्याहून जास्त असला, की सिग्नलसाठी तो 'अतिवेगाचा रस्ता' समजतात. आणि तोच वेग ६५ मैलांच्या, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटरांच्या वर असेल, तर तिथे सिग्नल बसवूच नये असं सांगतात. आपल्याकडे २०१८ पासून दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यांवर मोटारींना १०० ची परवानगी आहे. परवानगी शंभरची असताना प्रत्यक्षात किती असतो, हे ज्याने त्याने आपल्या स्पीडोमीटरला विचारावं.

डिस्टंटच्या सर्वांत जवळ जाणारी सोय कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात पाहायला मिळते. सिग्नलच्या बऱ्याच आधी फलक, त्यावर दोन पिवळे दिवे. पुढचा सिग्नल लाल होणार असला की ते आधीच लुकलुकायला लागतात. थांबायला लागणारं अंतर हातात असतानाच निरोप मिळतो. यातही खोट आहे: काही महाभाग दिवे लुकलुकताना पाहून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबतात. तरी मला विचाराल तर, वेगाच्या रस्त्यावर सिग्नल लावायचाच असेल तर हा फलक आधी आणि सिग्नल नंतर.

आपल्या फाट्यांवर या गणितात आणखी काही पात्रं येतात, जी परदेशी पुस्तकांत नसतात. एक म्हणजे उलटे आकडे मोजणारा टायमर. लाल दिव्याखाली शेवटचे तीन आकडे उरले की मोटारसायकली रेषा सोडून पुढे सरकतात. शून्याला त्या चौकाच्या पावपर्यंत पोचलेल्या असतात. दुसऱ्या बाजूला हिरव्याखालचे शेवटचे तीन आकडे पाहून कुणीतरी शंभरच्या वर गेलेला असतो. उशिरा येणारा आणि लवकर निघणारा, दोघांना एकच यंत्र एकमेकांकडे पाठवतं. मध्ये चारी बाजूंना लाल ठेवण्याची दोन-तीन सेकंदं असतात, ती या दोघांनी आपसांत वाटून खाल्लेली असतात.

दुसरं पात्र हंगामातलं. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर हिरव्यावर निघतो, अगदी नियमाने. दहाच्या वेगाने म्हणजे सेकंदाला तीन मीटरही नाही. रस्ता सर्व्हिस रोडसकट तीस मीटर, वर त्याची स्वतःची लांबी पंधरा. सोळा सेकंद तो आडवा असतो. मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर असतो कधी, नसतो कधी. हा धरून सिग्नलची वेळ लावलेली मी तरी पाहिलेली नाही.

आणि मुळात दिवा दिसला तर हे सगळं. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापाने १०० च्या वेगाला थांबण्यासाठी १८० मीटर पुढचं दिसायला हवं. एवढ्या लांबून दिवा ओळखू यायचा तर भिंग ३०० मिलिमीटरचं हवं, मागे काळी पाटी हवी, आणि एक दिवा रस्त्याच्या डोक्यावर लोंबता हवा, म्हणजे पुढच्या कंटेनरने तो झाकला जाणार नाही. पूर्व-पश्चिम रस्त्यावर सूर्य मावळताना ती काळी पाटी नसेल तर तिन्ही दिवे एकसारखे पांढरे दिसतात. आमच्या फाट्यावर पाटी होती. तिच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बांधला होता, आणि फ्लेक्सचा खालचा कोपरा वाऱ्याने हिरव्यावर यायचा.

मग करायचं काय? सरळ उत्तर असं की वेगाच्या रस्त्यावर सिग्नल नसावाच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तो नाही, समृद्धीच्या ७०१ किलोमीटरांवर नाही. आडवं जाणारं सगळं तिथे वरून किंवा खालून जातं. पण उरलेल्या चौपदरी रस्त्यांवर गावागावाला फाटा आहे आणि प्रत्येक फाट्याला उड्डाणपूल मिळणार नाही. दुभाजकातला कट बंद करणं हा कागदावरचा स्वस्त उपाय. तो केला की पलीकडच्या शेतात जायला तीन किलोमीटरांचा वळसा पडतो, आणि दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल उलट्या बाजूने यायला लागते. भुयारी मार्ग केला तर पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी. हे अनुभव घेतलेले लोक 'सिग्नलच द्या' म्हणतात, तेव्हा त्यांना अडाणी ठरवणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंचा मला राग येतो. स्वीडनने १९९७ मध्ये ठरवलं, की माणूस चुकणारच, तेव्हा चुकीला मरणाची शिक्षा होणार नाही असा रस्ता बांधायचा. तिथून जे शिकायचं ते हे, की फाट्याशी आधी वेग उतरवा. गोल चौक तो उतरवतो, कारण त्याला वळसा घातल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वस्तीच्या अर्धा किलोमीटर आधीपासून अरुंद होत जाणारी मार्गिका उतरवते. वेग पन्नासाच्या आसपास आला की पेचपट्टा चार-पाच मीटरांचा उरतो. मग सिग्नल लावा, खुशाल लावा.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात पिवळ्याचं गणित, दुसऱ्यात रेल्वेची उसनवारी, तिसऱ्यात आपल्याकडचे फाटे. गणित नको असेल त्याने तिसऱ्यापासून सुरुवात करावी. माझ्या विद्यार्थ्यांनी नेहमी तेच केलं आहे. तक्ते त्यांनी उन्हात उभं राहून भरलेले आहेत, चुका माझ्या आहेत.

मागच्या दिवाळीत त्या फाट्यावर पुन्हा गेलो होतो. तिथे आता उड्डाणपूल झाला आहे. लांबच्या गाड्या वरून जातात, त्यांना फाटा होता हेही कळत नाही. मावशींची टपरी पुलाखाली, खांबाच्या सावलीत आली आहे. गिऱ्हाईक कमी झालं, पण ऊन लागत नाही म्हणाल्या. खाली सर्व्हिस रोडवर सिग्नल आहे, जुनाच असावा. चहा होईपर्यंत मी सवयीने घड्याळ लावलं. पिवळा तीन सेकंदांचाच भरला. खालच्या गाड्या चाळिसाच्या वेगाने येत होत्या. मनातल्या मनात आकडे मांडले: तीन सेकंदांत ३३ मीटर, थांबायला ३१. पिवळा पडला, एक रिक्षा थांबली, तिच्या मागचा टेंपोही थांबला. मावशी कप भरत होत्या, त्यांचा हात थांबला नाही.